पेशींची बालवाडी

जयसिंगपूरच्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा कंपवाताच्या रुग्णांची बैठक भरायची. नवीन माणूस आला की चष्म्याच्या दुकानाचे कुंभोजे त्याला आधी विचारायचे, "तुम्हाला डॉक्टरांनी किती वर्षं सांगितली?"

नवीन माणूस घाबरायचा. त्याला वाटायचं, हे आयुष्याबद्दल विचारताहेत.

"तसं न्हवं ओ," कुंभोजे म्हणायचे. हसताना त्यांचा चेहरा हलत नसे, फक्त खांदे हलत. या आजारात चेहऱ्याचे स्नायूही सुस्तावतात. "पक्कं औषध यायला किती वर्षं, असं विचारतोय मी. मला पहिल्या डॉक्टरांनी सांगितली पाच. मग डॉक्टर बदलले, साल बदललं, तरी पाचच. आमच्यात सगळं थरथरतं, हा आकडा तेवढा हलत नाही."

लोक हसायचे. मग चहा यायचा. पेले अर्धेच भरलेले असायचे, कारण भरलेला पेला तिथं कुणालाच तोंडापर्यंत नेता आला नसता.

२०३९ सालच्या मार्चमधली बैठक मात्र वेगळी होती. कोल्हापूरच्या एका मेंदू संशोधन केंद्रातून डॉ. आयेशा मुजावर स्वतः आल्या होत्या. नव्या पेशींचं रोपण आता आपल्या भागातल्या रुग्णांवर करता येईल, असं त्यांनी सांगितलं. हॉलमध्ये कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. इतक्या वर्षांत टाळ्या बऱ्याचदा वाजवून झाल्या होत्या. तपासण्या झाल्या आणि पहिल्या फेरीच्या निकषांत जयसिंगपुरातून एकच माणूस बसला, जिनगोंडा मगदूम. कुंभोजेंचा आजार फार पुढं गेला होता, शिवाय हृदयही साथ देणारं नव्हतं. त्यांना नाही म्हणून कळवलं गेलं.

मगदूम एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या छोट्या खोलीत बसून गाड्या पुकारायचे. "इचलकरंजीला जाणारी गाडी फलाट तीनवर लागली आहे," हा त्यांचा आवाज सातव्या गल्लीतल्या त्यांच्या घरापर्यंत ऐकू यायचा. आजारानं पहिल्यांदा तो आवाज नेला. आता शेजारी बसलेल्यालाही कान पुढं करावा लागे.

"मगदूम, तू हो पुढं," कुंभोजे त्यांना म्हणाले. "आमची गाडी लागली की तिथनं पुकार. आम्ही बसलोयच फलाटावर."

त्रिशलाबाईंनी, मगदूमांच्या बायकोनं, तोंड फिरवून डोळे पुसले. त्यांनी बालवाडी चालवली होती. सातव्या गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेली होती, त्यामुळं गल्ली त्यांना बाईच म्हणे. मगदूमही थट्टेनं बाईच म्हणायचे. आजार वाढला तेव्हा बालवाडी बंद झाली. नवऱ्याकडं बघायचं की मुलांकडं, असा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता. एका मे महिन्यात त्यांनी छोट्या खुर्च्या एकात एक घालून माळ्यावर टाकल्या होत्या.

*

शस्त्रक्रियेच्या आधी डॉ. मुजावरांनी दोघांना समोर बसवून सगळं समजावलं. मुलगी सन्मतीही सांगलीहून आली होती.

"काका, मेंदूच्या आत खोलवर काळसर पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्या डोपामिन नावाचं रसायन बनवतात. चालणं, बटण लावणं, घास उचलणं या सवयी मेंदूत दुसरीकडं साठवलेल्या असतात. त्या सुरू व्हायला डोपामिन लागतं. तुमच्या या पेशी हळूहळू मेल्या आहेत. सवयी जागेवर आहेत, सुरू करणारं कुणी नाही."

"आणि गोळ्या?" मगदूमांनी विचारलं. डॉक्टरांनी पुढं वाकून ऐकलं.

"गोळ्या म्हणजे टँकरचं पाणी. आला की हिरवं, गेला की कोरडं. आता आम्ही विहीर खणणार. तुमच्याच रक्तातल्या पेशी घेऊन त्यांना आधी लहान करायचं, म्हणजे जन्माला येण्याआधीच्या अवस्थेत न्यायचं. मग त्यांना डोपामिन बनवणाऱ्या पेशी म्हणून वाढवायचं आणि बारीक सुईनं मेंदूत सोडायचं. इथवर जगात खूप जण पोचले होते. पेशी जगायच्या, पण कुणाला गुण यायचा, कुणाला नाही. कुणाचे हातपाय भलतेच हलायचे. कारण कळायला वेळ लागला. या पेशी नवजात असतात. आल्या की त्यांना काही येत नाही. त्यांनाही शिकावं लागतं."

"कोण शिकवतं त्यांना?" बाईंनी विचारलं.

"तेच सांगते. डोपामिनला लोक आनंदाचं रसायन म्हणतात. ते तितकंसं बरोबर नाही. वाटलं होतं त्यापेक्षा काही चांगलं घडलं की या पेशी डोपामिनचा एक झोत सोडतात. आणि त्याच्या जरा आधी शरीरानं जे केलेलं असतं, त्याच्या जोडण्या पक्क्या होतात. 'हे छान झालं, पुन्हा असंच कर' अशी ती खूण असते."

"चांदणी," बाई म्हणाल्या.

"काय म्हणालात?"

"बालवाडीत मी मुलांच्या तळहातावर पेनानं चांदणी काढायचे. डबा स्वतः उघडला की चांदणी. नाक पुसलं की चांदणी. दुसऱ्या दिवशी पोरगं नाक पुसूनच आत यायचं."

डॉ. मुजावर मनापासून हसल्या. "अगदी तसंच, काकू. आणि नवीन पेशी म्हणजे नुकतीच लागलेली बाई. चांदण्या भराभर वाटते. साधारण वर्षभर. मग पेशी मोठ्या होतात आणि हात आखडता घेतात. त्या वर्षात जे पक्कं झालं ते टिकतं, जे राहिलं ते बहुधा राहतंच. म्हणून एक लक्षात ठेवा. यांना सगळं स्वतः करू द्या. आणि पडू देऊ नका."

या दोन वाक्यांतलं दुसरं बाईंच्या कानात जास्त मोठ्यानं शिरलं. त्याला कारण होतं. कंपवाताच्या रुग्णाचे पाय कधी कधी जमिनीला चिकटल्यासारखे होतात. विशेषतः दारात. मोकळ्या जागेत चालणारा माणूस चौकट आली की थबकतो, वरचं अंग पुढं जातं, पाय येत नाहीत. मगदूम असेच मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात येताना दारात पडले होते आणि मनगट मोडलं होतं. तेव्हापासून ते त्या दाराशी आले की बाई हातातलं टाकून धावायच्या, हात पुढं करायच्या आणि लहान मुलाला बोलावं तसं म्हणायच्या, "या. हळू. या बघू."

*

शस्त्रक्रिया पुढच्या वर्षीच्या मार्चअखेर झाली आणि नीट झाली. बघायला येणाऱ्या पाहुण्यांची रीघ लागली. डोक्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला पाण्याचा पेलाही उचलू द्यायचा नाही, यावर सगळ्या पाहुण्यांचं एकमत होतं. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि बहुतेक बाबतींत डॉक्टरांचंच केलं. मगदूमांनी सदऱ्याची बटणं स्वतः लावायची, मग त्यात सकाळ जावो. दाढी स्वतः करायची. भाकरी स्वतः मोडायची.

केंद्रानं त्यांना खास मोजे दिले होते. मोज्यांच्या विणीत बारीक तारा होत्या. प्रत्येक पावलाची नोंद आपोआप कोल्हापूरला जात असे. मगदूम त्यांना सीआयडी मोजे म्हणत.

पावसाळा सरता सरता फरक दिसू लागला. एकदा ते गल्लीच्या टोकापर्यंत गेले. मग बाजारापर्यंत. दसऱ्याच्या सुमारास ते चालत एसटी स्टँडवर गेले आणि नव्या नियंत्रकाच्या खोलीत जाऊन, परवानगी घेऊन, एक गाडी पुकारली. आवाज पूर्वीचा नव्हता, पण शिरोळला जाणारी माणसं उठून फलाटाकडं गेली. घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा बाईंनी शिरा केला.

एकच गोष्ट होत नव्हती. स्वयंपाकघराचं दार.

बाजारात गर्दीतून जाणारे मगदूम मधल्या खोलीतून निघायचे, दाराशी यायचे आणि थांबायचे. पाय खिळायचे. बाई कणकेच्या हातानं धावायच्या. हात दिला की पाय सुटायचे. उलट हे वाढतच चाललं होतं. आधी कधीमधी व्हायचं, आता दर खेपेला.

रविवारी सन्मती आली. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणारी मुलगी, जिभेवर साखर कमी. तिनं सकाळभर बघितलं. ती आली की जेवण मधल्या खोलीत असे. जेवताना ती बोलली.

"अण्णा, स्टँडपर्यंत जाता आणि इथं आईला हाका मारता होय? ती बिचारी उठून उठून दमली. नाटक करता काय तुम्ही?"

मगदूमांचा घास हातात राहिला. "मी नाटक करीन?"

"सन्मती!" बाई म्हणाल्या.

"मग काय म्हणू? रस्त्यावर चालतात, घरात खिळतात. पेशी काय रस्ता बघून काम करतात?"

मगदूम ताटावरून उठले. हात धुवायला मोरीकडं जायला स्वयंपाकघरातून जावं लागे. ते दाराशी आले आणि खिळले. बाई उठायला लागल्या तसे ते ओरडले, "नको!" आवाज खरंच मोठा आला. पण पाय हलेनात. कपाळावर घाम आला, चौकटीला धरलेली बोटं पांढरी पडली. शेवटी बाई उठल्या, हात दिला आणि ते आत गेले. सन्मतीनं मान खाली घातली. नाटक करणारा माणूस असा दिसत नाही, हे तिलाही कळलं.

त्याच आठवड्यात कुंभोजे आले. मुलाच्या मोटारीतून, चाकाच्या खुर्चीत. "वहिनी, याला चालताना बघायला आलोय. बैठकीत सगळे विचारतात. मी म्हटलं, डोळ्यांनी बघून सांगतो. चष्म्याचा धंदा केलाय आयुष्यभर, माझ्या डोळ्यांवर लोकांचा विश्वास आहे."

मगदूम जोमात उठले. खोलीत दोन फेऱ्या मारल्या. गर्रकन वळून दाखवलं. कुंभोजेंचे डोळे चमकत होते. "थांब, तुझ्यासाठी पाणी आणतो मी, माझ्या हातानं," असं म्हणून मगदूम स्वयंपाकघराकडं वळले आणि दारात खिळले.

बाई आतून आल्या, हात दिला.

"असू दे, असू दे," कुंभोजे म्हणाले. खांदे या वेळी हलले नाहीत. "म्हणजे अजून पाच वर्षं."

*

जानेवारीत तपासणी होती. सन्मतीही सोबत आली होती. डॉ. मुजावरांनी पडद्यावर घराचा नकाशा काढला होता. मोज्यांनी पाठवलेली पावलं हिरव्या ठिपक्यांनी दाखवली होती आणि पाय खिळले तिथं लाल. सगळं घर हिरवं होतं. लाल सगळं एका दारात साठलं होतं.

"काका, न्हाणीघराचं दार याहून अरुंद आहे. तिथं एकही लाल नाही. म्हणून मी एकेक दिवस वेगळा काढून बघितला." त्यांनी पुढचं चित्र लावलं. "हा नोव्हेंबरमधला दिवस. तुम्ही स्वयंपाकघरात कितीतरी वेळा गेलात, आलात. एकदाही थांबला नाहीत. त्या दिवशी काय होतं?"

बाईंना आठवलं. "मी सांगलीला गेले होते. हिच्या नणंदेच्या बाळाचं बारसं होतं. यांना शेजारच्या चौगुल्यांच्या भरवशावर ठेवलं होतं."

"मी कॉफी करून प्यालो होतो," मगदूम म्हणाले. "दोनदा."

"म्हणजे..." सन्मती म्हणाली.

डॉ. मुजावरांनी आवाज मऊ केला. "काकू, नवीन पेशी काय शिकतात? ज्याच्यामागून काहीतरी चांगलं येतं, ते. काका दाराशी थांबतात. मग काय होतं?"

बाई उत्तर द्यायच्या आधी पडद्याकडं बघत राहिल्या. लाल ठिपके एकावर एक साचून डाळिंबाच्या दाण्यांसारखे दिसत होते.

"मी जाते," त्या म्हणाल्या. "हात धरते."

"पूर्वी खिळणं हा आजार होता. जुन्या पेशी नसल्यामुळं व्हायचं. आता ते शिकलेलं आहे. दारात थांबलं की हात मिळतो. पेशींनी त्याला चांदणी दिली आहे. रोज, कित्येकदा."

"मग नाटकच झालं की ते," सन्मती हळू आवाजात म्हणाली. तिला दुखवायचं नव्हतं, समजून घ्यायचं होतं.

"नाही," बाई म्हणाल्या. "जून महिन्यात बालवाडीच्या दारात पोरगं रडतं. आई परत फिरून त्याला उचलते. दुसऱ्या दिवशी ते जास्त रडतं. ते नाटक असतं का? त्याचं रडणं खरंच असतं. डोळ्यांत पाणी असतं, अंग तापतं. रडलं की आई येते, एवढं त्याचं अंग शिकलेलं असतं. त्याला स्वतःलाही माहीत नसतं." मग त्या डॉक्टरांकडं वळल्या. "किती दिवस आहेत हातात?"

"वर्ष मार्चअखेर पुरं होईल. एकदम दार बंद होत नाही, पण शिकण्याचा वेग उतरतो. आत्ता बदललं नाही तर हे असंच राहील. आणि एका दारापुरतं राहील असंही नाही. तुम्ही जिथं जिथं सोबत असाल, तिथं तिथं पसरेल."

*

परतीच्या गाडीत नवराबायको शेजारी बसली होती. विजेवरची गाडी, आवाज नाही.

बाई मनातल्या मनात जूनच्या त्या दारापाशी गेल्या होत्या. कितीतरी आयांना त्यांनी सांगितलं होतं, "तुम्ही निघा. मागं वळून बघू नका. मी आहे." आणि स्वतःच्या घरात मात्र दर खेपेला त्या मागं वळल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुरुवात केली. मगदूम दाराशी आले, थांबले. बाई ओट्याला पाठ टेकवून उभ्या राहिल्या, हात पदरात गुंडाळून.

"या तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी येणार नाही."

मगदूम उभे. पातेल्यात आमटी आटत होती. बाईंच्या पोटऱ्या भरून आल्या. मगदूमांच्या गुडघ्यांना कंप सुटला, मग खांद्यांना. "बाई," ते म्हणाले. नंतर रागावून, "अगं माणूस आहेस की खांब?" शेवटी ते मागं सरले आणि खुर्चीत जाऊन बसले. त्या दुपारी ते जेवायला आत आलेच नाहीत. ताट बाहेर न्यावं लागलं.

आठवडा असाच गेला. मध्ये एकदा बाई न्हाणीघरात असताना दूध उतू जायला आलं. "अहो, दूध!" अशी हाक ऐकून मगदूम तडक आत गेले आणि गॅस बंद करून उभे राहिले. दोघंही आनंदली. संध्याकाळी ते पुन्हा खिळले. डॉ. मुजावरांनी फोनवर सांगितलं की घाईत, भीतीत मेंदू वेगळी वाट वापरतो. त्या वाटेवरचं येणं-जाणं या पेशींच्या खाती जमा होत नाही.

त्या संध्याकाळी मगदूम म्हणाले, "बाई, एक विचारू? बस इथं."

त्या बसल्या.

"आपलं लग्न झालं तेव्हा घरात आई, वडील, दोन भाऊ. मी तुझा हात धरला असता तर आईनं काय म्हटलं असतं?"

"घर डोक्यावर घेतलं असतं."

"मग सन्मती झाली. मग माझ्या पाळ्या, तुझी बालवाडी. रस्त्यानं चाललो तर तू चार पावलं मागं. लग्नात भटजींनी हात हातात दिला तेवढाच." ते थांबले. चेहरा आता पूर्वीपेक्षा हलत होता, त्यामुळं लपवता येत नव्हतं. "हा आजार झाला आणि तू दिवसातून इतक्यांदा हात धरायला लागलीस. कुणी काही म्हणत नव्हतं. पाय बरे झाले तर..."

बाईंना हसू आलं आणि रडूही. "तुम्हाला ठाऊक होतं हे?"

"नाही ग. डॉक्टरांनी पडद्यावर नकाशा दाखवला तेव्हा कळलं. पेशींना माझ्या आधी कळलं होतं."

बाई बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत बसल्या. मग उठल्या आणि स्टूल ओढलं.

"कुठं निघालीस?"

"माळ्यावर. धरा स्टूल."

"आता हे काय?"

"मी ओट्याला टेकून उभी राहते, हे चुकतंय. काही आया गेल्याचं दाखवतात आणि खिडकीआड उभ्या राहतात. पोराला वास येतो. ते तोवर रडतं, जोवर आई खिडकीत आहे. आईला खरंच जावं लागतं. तिला स्वतःचं काम असावं लागतं." वरून खुर्च्यांचा खडखडाट आला. धूळ खाली पडली. "धरा. लाल खुर्चीचा पाय मोडलाय, तेवढी बाजूला ठेवा."

*

फेब्रुवारीत पुढच्या खोलीत बालवाडी पुन्हा सुरू झाली. गल्लीतली ज्यांचे आईवडील दोघंही कामाला जात, ती पोरं आली. पहिल्या आठवड्यात रडारड, दुसऱ्या आठवड्यात मारामारी. बाईंना खरोखरच मागं बघायला उसंत नव्हती. मगदूमांना त्यांनी एकच सांगून ठेवलं होतं: आतलं तुमचं तुम्ही बघा, दुपारपर्यंत मी नाही. आणि दुपारी पोरं गेल्यावर त्या मधल्या खोलीत यायच्या, मगदूमांच्या शेजारी बसायच्या. तेव्हा कुठलंही दार नसायचं, पाय खिळलेले नसायचे.

पहिले काही दिवस मगदूम तहानलेलेच राहिले. दाराशी यायचे, पुढच्या खोलीतून गाण्याचा आवाज ऐकायचे, उभे राहायचे, परत फिरायचे. एकदा चौकटीला धरून खाली बसले आणि रांगत आत गेले. सीआयडी मोज्यांना ते काय वाटलं असेल कोण जाणे. बाईंना कळलं ते संध्याकाळी, गुडघ्याची धूळ बघून. त्या काही बोलल्या नाहीत. तो त्यांच्या आयुष्यातला कठीण भाग होता, हे काही न बोलणं.

सन्मतीचा फोन आला. "आई, पडले तर?"

"पडतील," बाई म्हणाल्या. "चौगुल्यांना सांगून ठेवलंय. हाक मारली तर ते येतील. मी नाही." फोन ठेवल्यावर त्यांनी पोरांसाठी काढलेलं एकच चित्र रंगवत ठेवलं, कागद फाटेपर्यंत.

मार्च लागला. एका सकाळी कुंभोजे आले. या खेपेला निरोप न पाठवता. खुर्ची पुढच्या खोलीत मुलांच्या मध्येच लावली. पोरांना चाकं फार आवडली.

"वहिनी, मला पुढच्या फेरीतही घेत नाहीत म्हणे," ते म्हणाले. "हृदय. मी म्हटलं, बरं. पण याचं ऐकल्यापासून मी सुनेला सांगितलंय, चमचा माझ्या हातात दे. निम्मं अंगावर सांडतं. सून चिडते. पण निम्मं पोटात जातं ते माझं मी घातलेलं असतं." खांदे हलले. "मगदूम कुठाय?"

"आत आहेत," बाई म्हणाल्या. एका मुलीच्या शेंबडात आणि एका मुलाच्या बुटाच्या नाडीत त्या अडकल्या होत्या. पाठ दाराकडं होती. "बसा, चहा होईल तेव्हा होईल. आमच्याकडं आता नोकरचाकर नाहीत."

आतून भांड्यांचा आवाज आला. बाईंच्या कानांनी तो घेतला, मानेनं मात्र वळायचं नाही असं ठरवलेलं होतं. नाडीची गाठ सुटत नव्हती. गॅस पेटल्याचा आवाज. बराच वेळ काही नाही. मग कपबशीची किणकिण, जवळ येणारी, मध्ये कुठंही न थांबणारी.

"मगदूमा," कुंभोजे म्हणाले. "भरलेला कप आणलास की रे."

"बशीत सांडलाय थोडा," मगदूम म्हणाले. "बशीतला तू घे."

तेव्हा कुठं बाई वळल्या. त्या दारातून ते कसे आले, कुठल्या पावलावर थबकले, थबकले की नाही, हे त्यांनी बघितलं नव्हतं. कित्येक जूनमध्ये कित्येक आयांना हेच बघायला मिळालं नव्हतं. सीआयडी मोज्यांनी बघितलं असेल.

कुंभोजेंनी बशी दोन्ही हातांनी धरली. "हे किती दिवस टिकेल म्हणतात डॉक्टर?"

"त्यांनाही माहीत नाही," मगदूम म्हणाले. "जुना आजार नव्या पेशींनाही धरू शकतो. बघायचं."

"पाच वर्षं तर टिकेल?"

"तेवढं टिकेल."

दोघांचे खांदे हलले. मगदूमांचा चेहराही हलला.

मग ते एका छोट्या खुर्चीवर, गुडघे छातीशी घेऊन, बाईंच्या शेजारी बसले. मुलं चांदणीसाठी रांगेत उभी होती. मगदूमांनीही आपला तळहात पुढं केला. बाईंनी पेन उघडलं, मग टोपण लावून बाजूला ठेवलं आणि तो हात आपल्या हातात घेतला. कुंभोजेंसमोर, पोरांसमोर, उघड्या दारासमोर.

रांगेत पुढं असलेल्या मुलीनं हे नीट बघितलं.

"बाई, आजोबा पडणार आहेत का?"

"नाही."

"मग त्यांचा हात का धरलाय?"

"असाच," बाई म्हणाल्या.